खुलासा : चॅरिझार्ड ‘अजिंक्य’ नाही

राजारामपुरीतल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या पोकेमॉन कार्डांच्या खेळाबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘पोकेमॉनच्या 1999 च्या इंग्रजी बेस सेटमधल्या (कार्डांच्या पहिल्या संचातल्या) चॅरिझार्डचे एचपी (किती मार सोसतो तो आकडा) 120, ब्लास्टॉइजचे 100, म्हणून ब्लास्टॉइज कधीच जिंकणार नाही.’ त्यावरून अदलाबदलही सुरू झालीय, एका चॅरिझार्डला दोन ब्लास्टॉइज! आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चूक.

कार्डाच्या तळाशी बघा. चॅरिझार्डची वीकनेस (कमजोरी) पाणी, म्हणजे पाण्याचा मार दुप्पट. ब्लास्टॉइजचा हायड्रो पंप हा हल्ला तीन वॉटर एनर्जींवर (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची कार्डं) 40 चा. वर आणखी दोन लावल्या की 60. दुप्पट केले की बरोबर 120. खेळ खल्लास.

चॅरिझार्डचा फायर स्पिन हा हल्ला 100 चा आहे, तोही ब्लास्टॉइजला एका फटक्यात लोळवतो, हे खरं. पण दर वेळी दोन एनर्जी टाकून द्याव्या लागतात, आणि एका पाळीत नवी एकच लावता येते. ब्लास्टॉइजला त्याच्या रेन डान्स या खास शक्तीमुळे हातात असतील तेवढ्या वॉटर एनर्जी एकाच पाळीत लावता येतात. (नाद खुळा कार्ड आहे भावांनो, उगाच स्वस्तात देऊ नका.)

चॅरिझार्ड बाजारात महाग आहे ते संग्राहकांच्या हौसेमुळे. डावातल्या ताकदीशी त्या किमतीचा काही संबंध नाही.