पोराला रागवा तरी

आज डोकं फिरलंय. सकाळी ओळखीच्या एक बाई आल्या, त्यांच्या मुलीला मी दिलेलं पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "असलं अभद्र पोरांना कशाला देता हो वाचायला? आधीच घरात आजी गेल्यात." चहासुद्धा घेतला नाही.

पुस्तक म्हणजे पॅट्रिक नेसची 'अ मॉन्स्टर कॉल्स'. कॉनर तेरा वर्षांचा, आई कॅन्सरनं आजारी, आणि रात्री 12 वाजून 7 मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरचं झाड राक्षस होऊन खिडकीशी येतं. मूळ कल्पना शिवॉन डाउड यांची. त्या स्वतः 2007 मध्ये कॅन्सरनं गेल्या, लिहायचं राहून गेलं, मग नेसनं 2011 मध्ये ही कादंबरी आणली. मरण विकायला बसलेल्या माणसाचं पुस्तक नाही हे.

अभद्र म्हणे! माझ्या बहिणीच्या मुलाचं सांगते. बेळगावजवळ खानापूरला असतात ते. भावोजी गेले तेव्हा तो आठवीत होता. अग्नी त्यानंच दिला. बाराव्यापर्यंत येणारा प्रत्येक माणूस त्याच्या तासलेल्या डोक्यावरून हात फिरवून एकच बोलायचा, "आता तूच आईला सांभाळायचं बाळा." सांभाळलं त्यानं. रडला नाही, काही मागितलं नाही. सगळे म्हणाले, पोरगं लई समजूतदार. मला तेव्हाच धडकी भरली होती.

कॉनर एकदा आजीची बैठकीची खोली फोडून टाकतो, तिचं जपलेलं जुनं घड्याळसुद्धा. आणि त्याला कुणी शिक्षा करत नाही. शाळेत एका पोराला बेदम मारतो, तरी नाही. कॉनरला सगळ्यात जास्त तेच जिव्हारी लागतं. हे वाचलं आणि आमचा पोरगा आठवला. त्याच्या वर्गात कन्नडच्या सरांनी गृहपाठ न केलेल्या सगळ्यांना उभं केलं आणि याच्यापाशी आल्यावर "इरली बिडु", म्हणजे राहू दे, म्हणून पुढं गेले. वही उघडूनही बघितली नाही. घरी येऊन दप्तर भिरकावलं आणि मला फोनवर म्हणाला, "मावशी, मला कोण कायच म्हणीनात बघ." सरांनी मायेनंच केलं असणार, कबूल. खरं त्या मायेनं पोरगं वर्गात असून एकटं पडलं.

मग मी त्याला हे पुस्तक दिलं. शेवटाकडे कॉनर राक्षसापुढं कबूल करतो की हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं. आईवर जीव आहे, आणि तरीही. आमच्या भावोजींचं दुखणं वर्षभर चाललं होतं. ते पान वाचून पोरगं आईजवळ जाऊन बसलं आणि पहिल्यांदा हंबरडा फोडून रडलं. काय बोलणं झालं ते त्या दोघांना ठाऊक, मी विचारलं नाही.

प्रत्येक पोराला ते झेपेलच असं नाही. ठीक आहे, नाही झेपलं तर मिटून ठेवेल. पण आईनं हातातून काढून घ्यायचं? आपण सगळे 'श्यामची आई' वाचून उशा भिजवलेली माणसं, आपल्या हातातून कुणी काढून घेतली होती का ती? आणि हे बेळगाव आहे! 1946 मध्ये नवरा गेल्यावर इंदिरा संतांनी लहान लेकरं घेऊन याच गावात दिवस काढले, कविता लिहिल्या. त्यांच्याच मुलानं, प्रकाश नारायण संतांनी, पुढं आपल्या गोष्टींतला लंपन हा पोरगा दिला. त्या गावात दुःख अभद्र कधीपासून झालं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या बाईंची स्वतःची आई गेलीय, हे मला सकाळी सुचायला हवं होतं. घरात पाहुणे, दिवस, स्वयंपाक, त्यांनाही कुठं रडायला मिळालं असेल? उद्या जाऊन येते त्यांच्याकडं. पुस्तकाचा विषय मी काढणार नाही, मुलीनं काढला तर मात्र देऊन येणार.

आणि माझ्या यादीत निम्मे लोक शिक्षक आहात म्हणून सांगते. वर्गात असं पोर असेल तर त्याची वही बाकीच्यांसारखीच तपासा. चुकलं असेल तर लाल शाई वापरा, रागवा, उभं करा. आणि मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जवळ बसवून विचारा, बाबा कसे होते रे तुझे?