मसाई मारातील सफारीच्या दिवसाबाबत खुलासा

केनियातील मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या अभयारण्यात सफारीचे पैसे भरल्यावर दिवसभर गाडी फिरलीच पाहिजे, आणि दुपारी पर्यटकांना मुक्कामावर परत आणणारे आयोजक सरळ फसवणूक करतात, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कोणी बिचाऱ्या चालकाशी वाद घालू नये, असे मला मनापासून वाटते.

विषुववृत्त जवळ असल्याने तेथे बाराही महिने साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि पहिली फेरी त्याच सुमारास निघते. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर असल्यामुळे छत उघडलेल्या गाडीत पहाटे चांगलेच कुडकुडायला होते. स्वेटर आणि कानटोपी बरोबर ठेवावीच. रात्रभर वावरलेले सिंह आणि तरस याच वेळी हालचाल करताना दिसण्याची शक्यता अधिक असते. ऊन तापले की सिंह सावलीत आडवा होतो. तो दिवसातले २० तासांपर्यंत विश्रांती घेतो, आणि मग गाडीतून दिसते ती गवतातून मधूनच वर उठणारी, माश्या हाकलणारी शेपटी. म्हणूनच दुपारी जेवण, आराम आणि चारच्या सुमारास दुसरी फेरी, असा सर्वसाधारण क्रम असतो. अभयारण्यात रात्री गाडी फिरवण्यास मनाई असल्याने अंधारापूर्वी परतावेच लागते.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये मात्र विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे कळप भर दुपारीही मारा नदी ओलांडतात. ते पाहायचे असल्यास डबा बरोबर घेऊन दिवसभराची फेरी आधीच ठरवून घ्यावी.