आधी माणसं सुधरू देत

आमच्या शाळेच्या ग्रुपवर जानेवारीत एक फोटो आला. कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, हायस्कूलचं मैदान आणि गोलपोस्टच्या मागची ती भिंत. मी गाव सोडलं तेव्हा होती तशीच, खालच्या हातभर भागाला पोपडे धरलेली. फोटोखाली वर्गातल्या एका मैत्रिणीनं लिहिलं होतं की फुटबॉल स्पर्धेच्या बक्षिसाची रक्कम दरवर्षी वाढते, तर यंदा मैदानावर निदान बायकांसाठी एक संडास बांधा. मागणी एवढीच. पाचव्या मिनिटाला एका मित्राचं उत्तर आलं: "आधी माणसं सुधरू देत, मग संडास बांधू. दोन दिवसांत फोडून ठेवतील." त्याखाली सतरा अंगठे.

हे वाचलं तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि आम्ही इंग्लंडात, एम-६२ या हमरस्त्यावर होतो. गाडी क्लबच्या निवृत्त खजिनदाराची. मागच्या सीटवर माझी मुलगी आणि तिच्या मांडीवर सँडविचचा डबा. माझ्या हातातल्या फोनवर कोल्हापूरची चारची मॅच लाईव्ह चालू होती, म्हणजे इकडे साडेदहा. शनिवारचा माझा नेम असा: सकाळी तालमींचा (कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्याच) फुटबॉल आणि दुपारी तीनला आमच्या क्लबचा, अवे, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर, असेल तर तिथं. आमचा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर खेळतो. टीव्हीवर दिसतो तो फुटबॉल आमच्या डोक्यावर आठ मजले.

अंगठ्यांचा मला राग आला. मित्राचा कमी आला, कारण तो शाळेतही असाच होता.

तर मित्रा, ऐक. मी बारा वर्षं यॉर्कशायरमधल्या असल्या मैदानांवर पाहुणा म्हणून जातो आहे. आठ पौंड तिकीट, बहुतेक ठिकाणी रोख. टर्नस्टाईलवर, म्हणजे आत जायच्या फिरत्या फाटकावर, बसलेला माणूस त्याच क्लबचा माजी गोलकीपर असतो. आत टी-हट, म्हणजे चहाची टपरी, त्यात मटणाचा पाय (पेस्ट्रीसारखा भाजलेला), मशी पीज म्हणजे घोटलेले वाटाणे, आणि बॉव्हरिल हे गरम पेय. गोलच्या मागे पत्र्याचं छप्पर. मध्यंतराला दोन्हीकडचे प्रेक्षक उठून बाजू बदलतात, कारण ज्याला त्याला आपली टीम मारते आहे त्या गोलमागे उभं राहायचं असतं. वाटेत एकमेकांना धडकतात, हातात बिअर असते, आणि पोलीस एकही नसतो. वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी बिअर प्यायला १९८५ पासून कायद्यानं मनाई आहे, आमच्या पायरीवर नाही. पाहुण्याला कोणी वेगळ्या पिंजऱ्यात घालत नाही. टी-हटवाली आजी तर पाहुण्यांना आधी चहा देते, "लांबून आलाय" म्हणून.

हे वाचून तू म्हणशील, तिथली माणसं सुधारलेली आहेत. नेमकं इथंच तुझं चुकतं.

१९८५ च्या मे महिन्यात माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, ब्रॅडफर्डच्या मैदानावर, लाकडी स्टँडला आग लागली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडलेला कचरा पेटला. ५६ माणसं गेली. मागच्या दारांकडे धावलेल्यांना टर्नस्टाईलं बंद मिळाली. पुढं जाळी नव्हती म्हणून हजारो लोक मैदानात उड्या टाकून वाचले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मोठ्या इंग्रजी रविवारच्या वर्तमानपत्रानं अग्रलेखात लिहिलं की हा गलिच्छ वस्तीतला खेळ आहे, गलिच्छ मैदानांवर चालतो आणि दिवसेंदिवस गलिच्छ वस्तीतली माणसंच तो जास्त बघतात. शब्द इंग्रजी, पण सूर आपल्या ग्रुपवरचा. पुढं १९८९ च्या एप्रिलमध्ये शेफील्डला हिल्सबरोवर लिव्हरपूलचे प्रेक्षक जाळीच्या पिंजऱ्यांत चेंगरले. अखेर ९७ गेले. माणसं श्वासासाठी जाळी चढत होती आणि पोलिसांना वाटलं, हे मैदानात घुसायला निघालेत. माणूस सुधारलेला नाही हे एकदा ठरवलं की तो मरताना दिसतो तेव्हाही हुल्लडबाजच दिसतो. प्रेक्षक दारू प्यायले होते, उशिरा आले होते, असं त्यानंतर वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्यांचा दोष नव्हता हे चौकशीच्या ज्यूरीनं स्पष्ट म्हणायला २०१६ उजाडलं.

त्या दुर्घटनेवरचा न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल १९९० चा. त्यात संडासांवर मजकूर आहे, मित्रा, आणि तुझ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. सारांश असा, की मैदानांवरची स्वच्छतागृहं जुनाट, घाण आणि अपुरी आहेत, आणि त्यामुळे प्रेक्षकांचं वागणंच खालच्या थराला जातं. एरवी कुठंही तसं न करणारी माणसं इथं भिंतीवर करतात. म्हणजे न्यायमूर्तींच्या हिशेबात आधी भिंत, मग माणूस.

आणि आपल्याकडे असं काही घडलं नाही म्हणू नकोस. १६ ऑगस्ट १९८०, कोलकात्याचं ईडन गार्डन, मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच. १६ मुलं-माणसं घरी परतली नाहीत.

आता थोडं खरं बोलतो, कारण मुलगी हे वाचणार आहे आणि ती सगळी मैदानं तिनं पाहिली आहेत. इथली मैदानं काही फार भारी नसतात. शेफील्डचं सँडीगेट घ्या. १८६० पासून तिथं फुटबॉल चाललाय, जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याचं नाव आहे, आणि ते उताराचं आहे, आमच्याकडच्या डोंगरालगतच्या शेतासारखं. पाहुणा म्हणून मला ते फार आवडतं. एका हाफमध्ये तरी बॉल आपल्या बाजूनं घरंगळतो. पण दुसऱ्या एका क्लबचं (नाव सांगत नाही, परत जायचं आहे) पुरुषांचं मुतारी-प्रकरण म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, तिला डांबर फासलेलं, वर छप्पर नाही. डिसेंबरातल्या पावसात तिथं उभं राहिलं की आमच्या हायस्कूलची भिंत आठवते. सख्खी चुलत बहीण म्हणावी अशी. हात धुवायच्या नळात गोठलेलं पाणी.

फरक इतकाच की त्या डांबरी भिंतीच्या शेजारी एक दार असतं, त्यावर बाईचं चित्र आणि आतून कडी. ती कडी कुणाच्या संस्कारातून आलेली नाही. इथं मैदानाची प्रतवारी होते. फुटबॉल असोसिएशनचा माणूस वही घेऊन येतो. छप्पर, दिवे, खेळपट्टीभोवतीचं कुंपण, संडास, सगळं मोजतो. कमी भरलं तर टीम पहिली येऊनही वरच्या लीगला जात नाही. १९९४ ला किडरमिन्स्टर, १९९५ ला मॅक्लसफील्ड, १९९६ ला स्टीव्हनेज. तिघा क्लबांनी ओळीनं पाचव्या पायरीची लीग जिंकली आणि तिघेही मैदानासाठी खालीच राहिले. गोल मारून मिळवलेलं विटा-सिमेंटात गेलं. म्हणून क्लबचा खजिनदार संडासाचा विचार सेंटर-फॉरवर्डच्या आधी करतो. आमचा गाडीत करतच होता, प्लंबरनं दिलेल्या कोटेशनला शिव्या देत.

आपल्याकडे हे व्हायला अडचण कुठं आहे, याचा मी मँचेस्टरच्या अलीकडे बराच विचार केला. कोल्हापुरात 'अवे' ही गोष्टच नाही. सगळ्या तालमी शाहू स्टेडियमवर खेळतात. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो की शिवाजी तरुण मंडळ, कुणी कुणाच्या घरी जात नाही. म्हणून कुणी पाहुणा नाही आणि कुणी यजमानही नाही. सगळी भावकी. पाहुणा येणार म्हटलं की आपण अंगण झाडतो, माठ भरून ठेवतो. भावकीसाठी कोण झाडतं? तालुक्याच्या गावांत मात्र बाहेरच्या टीम येतात. आम्ही पोरं टेम्पोत उभं राहून आमच्या टीमबरोबर शेजारच्या गावांना जायचो, आणि सोयींबद्दल एका शब्दाची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आम्ही पोरं होतो, भिंत पुरायची.

आणि फुटबॉल काय होता! आमच्या हायस्कूलच्या मैदानावरची ती एक फायनल. बरोबरीत, शेवटची दहा मिनिटं, आणि आमचा डावा विंगर आत वळून पंचवीस यार्डांवरून असा मारतो की बॉल वरच्या कोपऱ्यात, गोलकीपर जागच्या जागी. इथं बारा वर्षांत मी तसा गोल पाहिला नाही. खजिनदाराला तो मी इतक्या वेळा सांगितलाय की परवा त्यानंच तो दुसऱ्या कुणाला सांगितला.

त्या दुपारच्या मॅचला सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास मुलगी म्हणाली, "बाबा, मी जाऊन येते." मी मानेनंच दिशा दाखवली. ती एकटी गेली, चार मिनिटांत परत आली आणि विचारलं, "काही झालं?" काही झालं नव्हतं, कॉर्नर मिळाला होता. मी पुन्हा बॉलकडे बघायला लागलो, आणि मला आक्का आठवली.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं घर मैदानाला लागून. लाऊडस्पीकरवरच्या कॉमेंटरीतून तिला प्रत्येक प्लेयरचं नाव, जर्सीचा नंबर, कुणाचा कुठला पाय, सगळं पाठ. माझ्यापेक्षा जास्त. मैदानावर मात्र ती आयुष्यात एकदाच आली, त्याच फायनलला. आईनं परवानगी दिली ती मी सोबत असेन या अटीवर. मला तेव्हा माहीत नव्हतं की तिनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मध्यंतर झालं, उत्तरार्ध सुरू झाला, आणि ती हळूच म्हणाली, "बारक्या, मला घरी जायाचं हाय." मी चिडलो. "आत्ता?" तिनं पुन्हा काही सांगितलं नाही, उठून चालायलाच लागली. चार-पाचशे पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत, भिंतीपाशी रांगेनं उभ्या असलेल्यांकडे न बघता. ही गोष्ट पुढं आमच्या घरात विनोद म्हणून चालली: आक्का एकदा मॅचला गेली आणि नेमका गोल चुकवून आली. सगळ्यांत जास्त वेळा ती मी सांगितली आहे.

तुझ्याशी भांडायला मला टेलर अहवाल का काढावा लागला, मित्रा, सांग बरं. बहीण पुरेशी होती.

आणखी एक कबूल करून टाकतो. त्याच मैदानावर, दुसऱ्या एका वर्षी, ऑफसाईडच्या निर्णयावरून लाइनमनवर चप्पल फेकली गेली आणि खेळ वीस मिनिटं थांबला. ती चप्पल माझी होती. तू शेजारीच होतास, तुला आठवत असेल. घरापर्यंत मी एका पायानं अनवाणी गेलो. म्हणजे ज्यांनी आधी सुधारायचं आहे, त्यांच्यात मी धरायचाच. आणि इथं? बारा वर्षांत एक शिवी नाही. शेजारचा म्हातारा रेफरीच्या आईपर्यंत जातो, मी नुसता हसतो. तुझ्या हिशेबानं मी सुधारलेला. पण तो संडासाच्या कडीचा परिणाम नाही, हे मला वरचा सगळा युक्तिवाद करतानाही माहीत होतं. दोनशे प्रेक्षकांत आमच्या कातडीच्या रंगाचे आम्ही दोघंच, मी आणि मुलगी. म्हाताऱ्याची शिवी त्याची एकट्याची असते. माझी तशी राहणार नाही, हे माझ्या जिभेला माझ्याआधी कळलं. टी-हटवाली आजी मला नावानं ओळखते, खजिनदार घरी जेवायला येतो, आणि तरी मी गोल झाल्यावर आधी आजूबाजूला बघतो, मग ओरडतो. चप्पल फेकण्याइतकं घरचं मला इथं कधी वाटलेलं नाही. मुलगी रेफरीला मोकळेपणी ओरडते. मी तिची बाही ओढतो आणि ती माझ्याकडे विचित्र बघते.

त्या रात्री ग्रुपवर मी लांबलचक लिहिलं. ब्रॅडफर्ड, हिल्सबरो, टेलर, प्रतवारी, किडरमिन्स्टरसकट. शेवटी ओघात आक्काचा किस्साही घातला, त्या गोलासकट, गोलकीपर जागच्या जागी वगैरे. मित्रानं एक अंगठा दिला, माझ्यासाठी अठरावा. मैत्रिणीनं लिहिलं, "वर्गणी कितीची देतोस?" मी आकडा लिहिला. मग कुणीतरी साखर कारखान्याच्या निवडणुकीवर काही टाकलं आणि ग्रुप तिकडे गेला.

कुणीतरी ते सगळं आक्काला पाठवलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा वेगळा मेसेज आला. संडासाबद्दल अक्षर नाही.

"बारक्या, तो गोल डाव्या पायानं हुता का उजव्या?"

मी लिहिलं, डाव्या. मग थांबलो, पुसलं, उजव्या लिहिलं, तेही पुसलं.

तिचा दुसरा मेसेज आला. "तू तर माझ्यासंगं घरात हुतास. वरडा ऐकून गच्चीवर पळालास."