खोट्या नोटेचा भुर्दंड भाजीवालीनंच का सोसायचा?

स्पष्टच बोलतो. पाचशेची खोटी नोट हातात आली की बरेच जण ती बँकेत नेत नाहीत. दिवस मावळला की बाजारात जायचं, एखादी म्हातारी भाजीवाली गाठायची, पन्नासाची मेथी-वांगी घ्यायची आणि साडेचारशे खरे रुपये खिशात घालून यायचं, वर घरी येऊन "खपवली एकदाची" म्हणून सांगायचं. ही चोरी आहे. त्या मावशीचा दिवसभराचा नफा पाचशे नसतो ओ.

आणि मावशीनं ती नोट बँकेत नेली तर? बँक त्यावर बनावट नोट म्हणून शिक्का मारते, नोट ठेवून घेते, पावती देते आणि बदल्यात एक रुपया देत नाही. एका वेळी चारपर्यंत नोटा असतील तर महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र रिपोर्ट जातो, पाच किंवा जास्त असतील तर थेट एफआयआर. पोलिसांचं नाव निघालं की लोक घाबरतात, पण चुकून आलेली एक नोट बँकेत देणं हा गुन्हा नाही, खोटी आहे हे माहीत असून पुढं चालवणं हा गुन्हा आहे.

आता सांगलीत मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडं नोटा मोजायचं मशीन असतं, सराफाकडं यूव्ही लाईट असतो, पोतं अंथरून बसणारीकडं यातलं काहीच नाही. पण नोटेतल्या निम्म्या खुणा मशीनसाठी नाहीतच, त्या माणसाच्या बोटांसाठी आणि डोळ्यांसाठी केल्यात, आणि ज्यांना त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना त्या कोणी नीट बसून दाखवल्याच नाहीत, याचाच मला राग आहे.

पाचशेची नोट घ्या. दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या उठावदार रेघा आहेत, अंगठा फिरवला की लागतात. शंभरला चार, दोनशेला पण चारच पण मध्ये दोन गोल. गांधीजींचा फोटो आणि अशोकस्तंभ पण हाताला खरखरीत लागतो. नोट जुनी झाली, घामानं मऊ पडली की हा उठाव झिजतो, म्हणून खरा भरवसा नोटेतल्या उभ्या चमकत्या तारेवर ठेवा. नोट तिरकी केली की तार हिरव्याची निळी दिसते, खाली उजवीकडचा पाचशेचा आकडा पण तसाच रंग बदलतो. साध्या रंगीत प्रिंटरला हे जमत नाही. ही तार वरून तुकड्या-तुकड्यानं दिसते पण उजेडासमोर धरली की अखंड, कारण ती कागद तयार होतानाच आत घातलेली असते. वॉटरमार्कचं पण तसंच, मोकळ्या जागेत उजेडासमोर गांधीजी आणि ५०० दिसायला पाहिजे. नोट सपाट ठेवल्यावरच तो चेहरा ठळक दिसत असेल तर शंका घ्या. हे सगळं करायला पाच सेकंद लागतात, गिऱ्हाईक थांबतंय तेवढं, थांबलंच पाहिजे.

दुसरीकडं अफवांमुळं खऱ्या नोटा परत जातात. नंबरात चांदणी असलेली नोट खोटी म्हणून मेसेज फिरला, २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात ती छापतात, पूर्ण खरी आहे. दहाच्या नाण्याचं तर विचारूच नका, १४ डिझाईन चालतात असं २०१८ मध्येच सांगितलंय तरी अजून दुकानदार नाही म्हणतात. आणि रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप नोट किती रुपयांची ते सांगतं, खरी-खोटी सांगत नाही, अंध माणसांसाठी ते चांगलंच आहे पण त्यावर विसंबून नोट घेऊ नका.

माझी मागणी साधी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी बँकेच्या माणसानं एक टेबल टाकावं, खऱ्या नोटा हातात देऊन मराठीत दाखवावं, अंधार पडायच्या आत. बचत गटाच्या मीटिंगमध्ये पण होईल हे, अर्धा तास पुरतो. सांगली-मिरजेत कुणाचा गट असेल तर इनबॉक्सला कळवा, मी स्वतः येतो.