टॉर्च कुठे मारायचा?

हॅलोवीनच्या संध्याकाळी इथली मुलं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार खाऊ मागत फिरतात. त्या रात्री आमच्या न्यू जर्सीतल्या घरी दरवर्षी एक विधी होतो. लेक पिशवीभर चॉकलेटं टेबलावर ओतते आणि तिचा बाबा फोनचा टॉर्च मारून एकेक कागद तपासत बसतो. तोवर साताऱ्याहून आईचा फोन. तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेलं असतं, अमेरिकेत म्हणे चॉकलेटात ब्लेड घालून देतात. "बघून खाऊ दे गं बाई तिला."

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी थेट १९५८पासूनच्या बातम्या खणल्या. अनोळखी दारातून मिळालेल्या खाऊत विष होतं म्हणून मूल दगावलं किंवा त्याला गंभीर इजा झाली, अशी एकही पक्की केस त्यांना सापडली नाही. सगळ्यात गाजलेलं प्रकरण टेक्सासमधलं, १९७४चं. आठ वर्षांचा मुलगा सायनाइडनं गेला. विष घालणारा कुणी परका नव्हता, त्याचा सख्खा बाप होता. विम्याच्या पैशासाठी!

आता दुसरा हिशोब. २०१८ साली 'जामा पेडिअॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. १९७५ ते २०१६ या ४२ हॅलोवीनच्या संध्याकाळी अमेरिकेत ६०८ पादचारी गाड्यांखाली मेले. तुलनेला आठवडाभर आधीची आणि नंतरची संध्याकाळ घेतली, त्या ८४ संध्याकाळी मिळून ८५१. म्हणजे एरवी दहा, त्या दिवशी चौदा-पंधरा. एवढ्या मोठ्या देशात चार-पाच जास्त, त्यात काय, असं मलाही वाटलं होतं. मग पुढची ओळ वाचली: ४ ते ८ वर्षांच्या मुलांना हा धोका एरवीच्या दहापट. माझी लेक सात वर्षांची आहे.

हा आकडा टीव्हीवर कुणी सांगत नाही. तिथे ऑक्टोबरभर हॅलोवीनवरच्या खर्चाचा आकडा: २०२३ साली १२.२ अब्ज डॉलर, त्यातले ७० कोटी कुत्र्यामांजरांच्या पोशाखांवर. (तोही लोकांना आधी विचारून काढलेला अंदाज, पावत्या मोजून नव्हे.) विष घालणाऱ्या माणसाला आपण मनातल्या मनात चेहरा देऊ शकतो. गाडी मात्र आपली असते, नाहीतर शेजाऱ्यांची. तिच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही.

गेल्या वर्षी लेक चेटकीण झाली, डोक्यापासून पायापर्यंत काळी. मी पाठीवर चमकणारी पट्टी लावायला गेले तर म्हणे, "चेटकिणीला पट्टी नसते." बऱ्याच रडारडीनंतर झाडूला पट्टी आणि सोबत आई, असा तह झाला. नवरा ऑफिसात अडकलेला, त्यामुळे दारात चॉकलेटांचा वाडगा आणि 'एकच घ्या' अशी चिठ्ठी ठेवून आम्ही निघालो.

वाडग्यांवरही अभ्यास झालाय बरं का! सिएटलमध्ये १३५२ मुलांना 'एकच घ्या' सांगून बाई आत निघून जायची. नाव विचारलेलं एकटं मूल असेल तर जास्त घेणारी शेकडा आठसुद्धा नाहीत. नाव न विचारलेली पोरं घोळक्यानं असतील तर ५७. निष्कर्ष १९७६चे, पण आठ वाजता घरी पोचलो तेव्हा आमच्याही वाडग्यात फक्त चिठ्ठी उरली होती.