सांगलीचं उत्तर शून्य काढणाऱ्या सातारकर दादांना

दादा, तुमची कमेंट आधी इथं परत मांडतो, बाकीच्यांना संदर्भ लागेल. सांगलीचा पिनकोड ४१६४१६, त्यातले सहा आकडे असे किती प्रकारे मांडता येतात की सारखे दोन आकडे शेजारी येणार नाहीत, याचं उत्तर मी ३० दिलं होतं. तुम्ही म्हणता, साफ चूक, एकूण मांडण्या ९०, ४४ शेजारी असलेल्या ३०, ११ च्या ३०, ६६ च्या ३०, वजा केल्यावर राहतंय शून्य, उगाच पोरांना अवघड करून सांगताय.

अहो, शून्य म्हणजे अशी एकही मांडणी नाही! मग खुद्द ४१६४१६ चं काय करायचं राव?

तुमचे ९० बरोबर आणि ३० पण बरोबर (४४ चा एक ठोकळा केला की ५!, म्हणजे ५×४×३×२×१, भागिले ४), घोळ वजाबाकीत झालाय. ४४११६६ ही एकच मांडणी पण तुम्ही ती तीनदा काढली, ४४ साठी, ११ साठी आणि परत ६६ साठी, आणि ४४६११६ दोनदा. नीट मोजलं तर एकच जोडी चिकटलेल्या ३६, दोन चिकटलेल्या १८, तिन्ही चिकटलेल्या ६, म्हणजे काढायच्या होत्या ६० आणि तुम्ही काढल्या ३६ अधिक ३६ अधिक १८, झाले ९०. उणे काहीतरी आलं असतं तर तुम्हालाच शंका आली असती, नेमकं शून्य आलं म्हणून फसलात.

अवघड वाटलं हे मात्र मान्य, अकरावीच्या पोरांना मी आता असं सांगतो. आधी फक्त ४ आणि १ मांडा, मग मोकळ्या फटीत ६ घाला, एका फटीत एकच. ४१४१ किंवा १४१४ असेल तर पाच फटीतल्या कुठल्याही दोन, १० प्रकार, दोन्हीचे मिळून २०. ४११४ मधे एक ६ त्या ११ च्या मधेच घालावा लागतो, दुसऱ्याला चार जागा, तसंच १४४१ चं, झाले ८. ४४११ आणि ११४४ मधे दोन्ही ६ अडकले, प्रत्येकी १. वीस, आठ, दोन. तीस.

आता तुमचा दुसरा मुद्दा, तिथं मी सपशेल चुकलो. साताऱ्याच्या ४१५००१ मधल्या आकड्यांचे पिनकोड मी १८० लिहिले होते. १९७२ ला पिनकोड आले तेव्हापासून पहिला आकडा विभागाचा, १ ते ९, शून्य तिथं चालतच नाही. शून्य पुढं असलेल्या ६० गेल्या, राहिले १२०. पोस्टमधे दुरुस्त केलंय.

आणि शून्य पुढं नको, शिवाय सारखे शेजारी नको, अशा दोन्ही अटी साताऱ्याला लावल्या तर? (खुद्द ४१५००१ बाद होतोय, दोन शून्यं चिकटलीत.) माझं ५४ येतंय, तुमचं किती येतंय ते टाका खाली.