हा बेड माणसांसाठी नाही

"सर, प्लीज उठा. हा बेड माणसांसाठी नाहीये."

हे वाक्य परवाच्या रविवारी मला टाय लावलेल्या एका पोराने ऐकवलं. बायकोदेखत, आणि दोन अनोळखी कुटुंबांच्या साक्षीने. अजून डोक्यातून जात नाही.

भर शहरात ४२ मजल्यांचा टॉवर उठतोय, त्याचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो. घ्यायचा नव्हता. 'नुसतं बघायला आपलं काय जातंय?' असं मीच म्हणालो होतो. काय जातं ते दारातच कळायला लागलं. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. एका पायावर उड्या मारत, भिंतीला धरून, आपण गिऱ्हाईक आहोत हे लक्षात ठेवणं फार अवघड असतं. आत गेल्यावर पाय दुखले म्हणून बेडवर टेकलो, तर हे.

त्याचं म्हणणं खरंच होतं, हे मला काकांनी सिद्ध करून दाखवलं.

काका म्हणजे सत्तरीचे एक गृहस्थ. झब्बा, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात सुताराकडे असते तशी टेप. पोराने मला उठवताच ते पुढे झाले, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा." मी धरलं. का धरलं, माहीत नाही.

"साडेपाच फूट," काका म्हणाले. "तुमची उंची?"

"पाच-नऊ."

"म्हणजे तुम्ही गुडघे बाहेर ठेवून या."

पोरगं हसलं. "सर, हे डिस्प्लेचं फर्निचर आहे. खोली मोकळी वाटावी म्हणून."

"खोली मोकळी नाही, बेड आखूड आहे," काकांनी दुरुस्ती केली आणि निघाले. मी टेपचं टोक धरून मागे. कपाटाची खोली सव्वा फूट, म्हणजे हँगर तिरका लावावा लागणार. टीव्ही पोकळ. पुस्तकांना नुसते कणे. नळ सोडला, पाणी नाही. मग काका मधोमध उभे राहिले आणि चारी बाजूंना बघत म्हणाले, "बेडरूमचं दार कुठाय?"

"सर, सॅम्पलमध्ये दारं लावत नाहीत."

"आणि ही भिंत काचेची?"

"तीही सॅम्पलमध्येच. प्रत्यक्षात विटांची येईल."

"म्हणजे प्रत्यक्षात दार येणार, भिंत येणार, मोठा बेड येणार. मग आता हे जे बघतोय ते काय आहे?"

पोराने टॅबलेटवर बोट फिरवलं आणि विषय फ्लोअर राइजवर नेला. वर जाल तसा दर चढतो. मला गंमत वाटली. लिफ्ट यायच्या आधी सगळं उलटं असायचं; पायऱ्या चढण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही तो वरच्या मजल्यावर. १८५४ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात ओटिस नावाचा माणूस उघड्या लिफ्टवर उभा राहिला, वरचा दोर कापायला लावला, आणि लिफ्ट जागच्या जागी अडकली. तेव्हापासून श्रीमंतांची भीड चेपली. पुढे १८८५मध्ये शिकागोत बांधलेली इमारत पहिली गगनचुंबी इमारत म्हणून सांगतात. तिला मजले होते १०. आमच्या या टॉवरचे खालचे १० मजले नुसत्या पार्किंगचे. तिथे गाड्या राहणार, चांगल्या ऐसपैस, आणि त्यांना 'उठा' म्हणणारं कोणी नाही.

याचा राग मला बेडपेक्षा जास्त आला. निम्मे फ्लॅट विकले गेलेत, पोरगं अभिमानाने सांगत होतं, "आणि बहुतेक इन्व्हेस्टर आहेत, सर." म्हणजे घेणारा राहणार नाही आणि ज्याला राहायचंय तो घेऊ शकत नाही. मग साडेपाच फूट काय आणि तीन फूट काय!

बाहेर पडताना मधल्या हॉलमध्ये काचेखाली टॉवरचं मॉडेल होतं. इवले दिवे, इवल्या गाड्या, भोवती हिरवळ. काका एका कोपऱ्याशी थांबले.

"हे हिरवं काय?"

"ओपन स्पेस, सर."

"तिथे तीन मजली बिल्डिंग आहे."

"सर, मॉडेलमध्ये आजूबाजूचं दाखवत नाहीत."

"दुसऱ्या मजल्यावर मी राहतो," काका म्हणाले. "तुमची भिंत माझ्या खिडकीपासून किती फुटांवर येणार, तेवढं विचारायला आलोय. तिसरा रविवार आहे."

पोराने घड्याळ बघितलं. काकांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं आणि काचेवर, त्या हिरवळीच्या बरोब्बर वर, आडवं ठेवलं. मापात अगदी बसलं. दोन मिनिटांनी कोणीतरी येऊन ते उचललं आणि 'कोणाचं राहिलंय का?' म्हणून विचारत फिरायला लागलं.

मी घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, पायांत बघ. निळ्या पिशव्या तशाच होत्या.